कर्नेलमधील माहितीचे उतारे

संगणकाच्या प्रचालन प्रणालीच्या गाभ्याला कर्नेल असे म्हणतात. कोणत्या आज्ञावली चालू आहेत, त्यांनी कोणत्या फाइली उघडल्या आहेत, दूरच्या कोणत्या संगणकांशी जोडण्या झालेल्या आहेत, स्मृतीचा कोणता भाग कोणाच्या ताब्यात आहे, या सर्वांची दप्तरे कर्नेल आपल्या राखीव स्मृतीत ठेवते. ही स्मृती सामान्य आज्ञावलींना बंद असते. तथापि यंत्र सांभाळणाऱ्यास या दप्तरांतील मजकूर वेळोवेळी लागतोच. यंत्र मंद का झाले, एखादी जोडणी का तुटत नाही, स्मृती कोण अडवून बसले आहे, या प्रश्नांची उत्तरे तेथेच असतात. महसूल दप्तरातून जमिनीचा उतारा मागावा, त्याप्रमाणे कर्नेलकडूनही उतारा मागावा लागतो. तो कोणत्या रीतीने मागावा व कोणत्या मांडणीत मिळावा, हे ठरविणाऱ्या देवघेवीच्या सीमेस इंटरफेस म्हणतात. युनिक्स प्रणालीत आणि तिच्या वळणावर घडलेल्या लिनक्स प्रणालीत हा इंटरफेस कसा बदलत गेला, आणि उतारा लिहिणारी आज्ञावलीच कर्नेलला जोडण्याची सोय २०२० मध्ये कशी झाली, याचा इतिहास येथे दिला आहे.

प्रारंभीची पद्धत : बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडविलेल्या युनिक्समध्ये चालू प्रक्रियांची यादी देणारी ‘पीएस’ ही आज्ञा लवकरच आली. तिच्यासाठी कर्नेलमध्ये वेगळी अशी काहीच सोय नव्हती. कर्नेलची सबंध स्मृती ‘/डेव्ह/केमेम’ या विशेष फाइलीच्या रूपाने वाचता येत असे. पीएस प्रथम कर्नेलची मूळ फाइल उघडून तीतील नामसूचीवरून प्रक्रियांचा तक्ता स्मृतीत कोणत्या पत्त्यावर आहे ते शोधी, नंतर केमेममध्ये त्या पत्त्यावर जाऊन तेथील बाइट उचली आणि स्वतःजवळच्या नोंदरचनेच्या आराखड्यावर ते बसवून अर्थ लावी. म्हणजे कर्नेल काही सांगत नसे. बाहेरची आज्ञावली त्याच्या कपाटात हात घालून कागद काढून घेई.

या पद्धतीचे तोटे उघड होते. कर्नेलच्या नोंदरचनेत एका रकान्याची भर पडली, तरी पीएस नव्याने संकलित करावी लागे. तसे न केल्यास ती चूक दाखवून थांबत नसे, तर अर्थहीन आकडे गंभीरपणे छापत राही. तक्ता वाचून होईपर्यंत तो बदलत असे, कारण वाचणाऱ्यापाशी कर्नेलची कुलपे (एका वेळी एकानेच दप्तर हाताळावे यासाठीची योजना) नव्हती. सर्वांत घातक गोष्ट सुरक्षिततेची होती. केमेम वाचू शकणाऱ्यास टर्मिनलवर नुकतीच टंकलेली अक्षरेही, आणि अर्थात परवलीचे शब्दही, वाचता येत. म्हणून पीएससारख्या आज्ञांना विशेष अधिकार द्यावे लागले. साधी यादी दाखविणाऱ्या आज्ञेला यंत्रातील सर्व गुपिते खुली, अशी ही विसंगत व्यवस्था होती. बर्कली शाखेत पुढे केमेमचे वाचन एका सामाईक संग्रहिकेत एकवटण्यात आले. त्यामुळे पुनरावृत्ती टळली. मूळ दोष कायम राहिला.

प्रक्रिया म्हणजे फाइल : १९८४ मध्ये टॉम किलियन यांनी युसेनिक्स परिषदेत ‘प्रक्रिया म्हणजे फाइली’ या कल्पनेवर निबंध सादर केला. बेल प्रयोगशाळेच्या युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत ही कल्पना ‘/प्रोक’ या निर्देशिकेच्या रूपाने उतरली. प्रत्येक चालू प्रक्रियेसाठी तीत तिच्या क्रमांकाच्या नावाची एक फाइल दिसे. ही फाइल तबकडीवर कोठेही नसे. ती वाचू लागताच कर्नेल उत्तर देई. किलियन यांचे मुख्य लक्ष दोषशोधक आज्ञावलींकडे होते आणि फाइलीत प्रक्रियेच्या स्मृतीचीच प्रतिमा मिळे. त्याच प्रयोगशाळेत पुढे घडलेल्या ‘प्लॅन ९’ या प्रणालीत प्रत्येक प्रक्रियेला एक निर्देशिका मिळाली व तीत स्थिती, नियंत्रण इत्यादींच्या वेगवेगळ्या फाइली आल्या. त्यांतील स्थिती ही साध्या मजकुराच्या रूपात मिळे. या बदलाचे महत्त्व मोठे आहे. दप्तर आता कर्नेलच्याच हाती राहिले आणि काय सांगावयाचे ते कर्नेल ठरवू लागले. कपाटात हात घालण्याची रीत जाऊन खिडकीवर अर्ज करण्याची रीत आली.

लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्समध्ये ‘/प्रोक’ ची स्थापना १९९२ च्या सुमारास झाली. लिनक्सने मजकुराचा मार्ग इतरांपेक्षा पुष्कळच पुढे नेला. प्रक्रियांबरोबरच स्मृती, प्रक्रियक, खंड-सूचना, जालाच्या जोडण्या, असे सर्व काही ‘/प्रोक’ खाली जमा होत गेले. कोणत्याही खास साधनावाचून, केवळ ‘कॅट’ या फाइल दाखविणाऱ्या आज्ञेने ते वाचता येत असे. या सोयीमुळेच लिनक्सच्या घडणीच्या काळात असंख्य लहान साधने हौशी मंडळींनी लिहिली, हे विसरता येत नाही.

मजकुराचे ऋण : खिडकीवर दिलेला उतारा एकदा लोकांच्या हाती गेला, की त्याची मांडणी बदलणे अवघड होते. हा या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. लिनक्समध्ये असा दंडक आहे, की कर्नेलच्या नव्या आवृत्तीमुळे जुनी चालती आज्ञावली मोडता कामा नये. ‘/प्रोक’ मधील मजकूर माणसांसाठी म्हणून लिहिला गेला, परंतु तो वाचू लागल्या त्या आज्ञावली. त्यामुळे मांडणीतील प्रत्येक रकाना हे एक न फिटणारे वचन ठरले. प्रत्येक प्रक्रियेच्या निर्देशिकेतील ‘स्टॅट’ ही फाइल याचे बोलके उदाहरण होय. तीत एकाच ओळीत पन्नासांहून अधिक रकाने रिकाम्या जागेने विभागलेले असतात. नवा रकाना केवळ शेवटी जोडता येतो. मधला काढता येत नाही. प्रक्रियेच्या गजर-यंत्रणेशी संबंधित असा एक रकाना २.६.१७ या आवृत्तीपासून (२००६) निरर्थक झाला, तरी त्याच्या जागी कायमचे शून्य छापले जाते. दुसऱ्या रकान्यात आज्ञावलीचे नाव कंसात असते. नावातच रिकामी जागा किंवा कंस आला, तर भोळेपणाने लिहिलेल्या वाचक-आज्ञावलीचे सर्व रकाने सरकतात. म्हणून ओळीतील अखेरचा बंद कंस शोधून तेथून पुढे मोजावे, असा संकेत रूढ झाला.

प्रक्रियकाची माहिती देणाऱ्या ‘सीपीयूइन्फो’ या फाइलीत ‘बोगोमिप्स’ नावाचा एक आकडा असतो. यंत्र सुरू होताना कालविलंब मोजण्यासाठी काढलेला हा आकडा वेगाचे माप म्हणून निरुपयोगी आहे. त्याचे नावही थट्टेनेच ठेवलेले आहे. एआरएम जातीच्या प्रक्रियकांसाठी तो २०१३ मध्ये वगळण्यात आला. परंतु काही आज्ञावली त्यावर विसंबून होत्या असे आढळल्याने २०१५ मध्ये तो पुन्हा छापणे भाग पडले. निरुपयोगी आकडाही एकदा जाहीर झाल्यावर मागे घेता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

मजकुराचे दुसरे ऋण वेगाचे होते. कर्नेलपाशी संख्या द्विमान रूपात असतात; त्यांचे अक्षरांत रूपांतर करावयाचे आणि वाचणाऱ्याने अक्षरांतून पुन्हा संख्या काढावयाच्या, हा दुहेरी खटाटोप होता. शिवाय प्रत्येक प्रक्रियेसाठी फाइल उघडणे, वाचणे, बंद करणे अशा निदान तीन विनंत्या कर्नेलला कराव्या लागतात. शंभर प्रक्रियांच्या यंत्रावर ते जाणवत नाही. लाखभर जोडण्या सांभाळणाऱ्या सेवायंत्रावर जाणवते. टीसीपी जोडण्यांची यादी देणारी फाइल तर मजकुराची असूनही माणसास सुवाच्य नाही. १२७.०.०.१ हा पत्ता तीत बहुतेक यंत्रांवर ‘०१००००७एफ’ असा षोडशमान अंकांत व उलट्या क्रमाने छापलेला असतो.

पर्यायांचा शोध : या ऋणांतून सुटण्यासाठी निरनिराळ्या वाटा चोखाळण्यात आल्या. २००३ मध्ये स्थिरावलेल्या ‘सिसएफएस’ या फाइल-व्यवस्थेने एका फाइलीत एकच मूल्य असा नियम घातला. त्यामुळे मांडणीचा वाद मिटला, पण फाइलींची संख्या अफाट वाढली. जालाच्या क्षेत्रात ‘नेटलिंक’ ही द्विमान संदेशांची पद्धत रुजली. तीत प्रत्येक मूल्याबरोबर त्याचा प्रकार व लांबी येत असल्याने नवे मूल्य जोडले तरी जुना वाचक ते ओलांडून पुढे जाऊ शकतो. जोडण्यांची यादी देणारी ‘एसएस’ ही आज्ञा याच मार्गाने चालते. तिच्या इंटरफेसात एक लहानशी, फारशी कोणाच्या ध्यानात न आलेली सोय होती. कोणत्या जोडण्या हव्यात याची अट एका अगदी छोट्या संकेतभाषेतील आज्ञांच्या रूपाने कर्नेलकडे पाठविता येत असे, आणि कर्नेल प्रत्येक जोडणीवर त्या आज्ञा चालवून निवड करी. उताऱ्याबरोबर आज्ञावली पाठविण्याच्या पुढील कल्पनेचे हे बीज म्हणता येईल. मात्र ती भाषा निवड करण्यापुरतीच होती. उताऱ्यात काय लिहावे हे तिला ठरविता येत नसे.

प्रक्रियांची माहितीही नेटलिंकसारख्या मार्गाने द्यावी, असा प्रस्ताव आंद्रेई वागिन यांनी २०१५–१६ मध्ये मांडला. तो मुख्य कर्नेलमध्ये दाखल झाला नाही. वेगाचा लाभ मान्य झाला तरी एका कायमच्या इंटरफेसाशेजारी दुसरा कायमचा इंटरफेस उभा करणे म्हणजे वचनांची संख्या दुप्पट करणे होते.

या काळातील एक अंतर्गत सुधारणा मात्र पुढे फार उपयोगी पडली. ‘/प्रोक’ साठी मजकूर तयार करणारी जुनी फंक्शने स्मृतीच्या एका पानापुरता (सामान्यतः ४,०९६ बाइट) मजकूर कसाबसा देत. यादी त्याहून लांब असली, की प्रत्येक लेखक आपापली क्लृप्ती योजी आणि बहुधा चुके. २००१ मध्ये अल व्हिरो यांनी ‘सेक-फाइल’ ही रचना आणली. तीत यादी देऊ इच्छिणाऱ्याने चारच कामे लिहावयाची : आरंभ करणे, पुढील नोंदीवर जाणे, नोंद दाखविणे आणि थांबणे. बफर, वाचनाची जागा, अर्धवट नोंदी यांची काळजी सामाईक भाग घेतो. या चार कामांत एक सूक्ष्म विभागणी दडलेली आहे. पहिले, दुसरे व चौथे काम दप्तरात फिरण्याचे आहे. कुलपे कोठे लावावीत व कोठे काढावीत, नोंद मधेच नष्ट झाली तर काय करावे, हे कर्नेलच जाणते. तिसरे काम सांगण्याचे आहे. आणि सारे भांडण त्या सांगण्याच्या मांडणीविषयीच होते. फिरणे कर्नेलकडे ठेवून सांगणे दुसऱ्याकडे देता आले तर?

कर्नेलमधील पाहुण्या आज्ञावली : बाहेरची आज्ञावली कर्नेलच्या आत चालू देणे ही कल्पना प्रथमदर्शनी धाडसाची वाटते, तिचा उगम मात्र १९८० च्या दशकातील आहे. जालावरून येणाऱ्या पॅकेटांपैकी कोणती हवीत हे ठरविण्यासाठी कार्नेगी-मेलन व स्टॅनफर्ड या विद्यापीठांत तयार झालेल्या गाळणीचे वर्णन मोगल, रशीद व अ‍ॅकेटा यांनी १९८७ च्या निबंधात केले आहे. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील स्टीव्हन मॅकॅन व व्हॅन जेकबसन यांनी त्यापुढे जाऊन बर्कली पॅकेट फिल्टर अर्थात बीपीएफ रचले आणि जानेवारी १९९३ च्या युसेनिक्स परिषदेत ते सादर केले. दोन रजिस्टरांचे एक काल्पनिक यंत्र, त्याच्या मोजक्या आज्ञा, आणि मागे उडी मारण्यास बंदी. म्हणून प्रत्येक आज्ञावली संपणारच, अशी ही रचना होती. ‘टीसीपीडंप’ ही जालावरील पॅकेटे दाखविणारी आज्ञा वीस वर्षे याच्याच बळावर चालली.

सन मायक्रोसिस्टिम्समधील कॅन्ट्रिल, शपीरो व लेव्हेन्थल यांच्या ‘डीट्रेस’ ने सोलॅरिस १० (२००५) मध्ये हीच दृष्टी सबंध कर्नेलच्या निरीक्षणासाठी वापरली. परंतु डीट्रेसचा विषय घटना हा होता : अमुक फंक्शन केव्हा बोलावले गेले, किती वेळ लागला. घडून गेलेल्या गोष्टींतून आज काय शिल्लक आहे, म्हणजे दप्तरांची सद्यःस्थिती काय आहे, हा प्रश्न निराळा आहे. निरीक्षण सुरू होण्यापूर्वी उघडलेली जोडणी पुढे तिच्याबाबत काही घडेपर्यंत घटनांच्या निरीक्षकास दिसत नाही.

लिनक्समध्ये अलेक्सी स्टारोव्हॉयटॉव्ह यांनी बीपीएफचा कायापालट केला. डिसेंबर २०१४ मधील ३.१८ या आवृत्तीत त्यासाठीची स्वतंत्र विनंती दाखल झाली. नव्या रूपात ६४ बिटांची अकरा रजिस्टरे, कर्नेलला व बाहेरच्यांना मिळून वापरता येणारे तक्ते, आणि मुख्य म्हणजे पडताळक आला. आज्ञावली चालविण्यापूर्वीच पडताळक तिच्या सर्व वाटा तपासतो. स्मृतीच्या मर्यादेबाहेर जाणारी, रिकामा असू शकणारा निर्देशक न तपासता वापरणारी किंवा न संपणारी आज्ञावली तो नाकारतो. आरंभी वेटोळ्यांना पूर्ण बंदी होती. मर्यादित वेटोळ्यांना २०१९ मध्ये परवानगी मिळाली. २०१८ पासून ‘बीटीएफ’ ही प्रकारमाहिती आली. तिच्यात कर्नेलच्या नोंदरचनांचे आराखडे संक्षेपाने नोंदलेले असतात. पीएसला एके काळी जो आराखडा अंदाजाने स्वतःजवळ बाळगावा लागे, तो आता चालू कर्नेलच पुरवू लागले. एका यंत्रावर संकलित केलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर चढविताना रकान्यांच्या जागा या माहितीवरून जुळवून घेता येतात.

उतारा लिहिणारी आज्ञावली : एप्रिल २०२० मध्ये फेसबुकमधील योंगहाँग साँग यांनी बीपीएफच्या साहाय्याने कर्नेलच्या दप्तरांचे उतारे काढण्याचा प्रस्ताव चर्चेसाठी ठेवला. त्यामागची गरज व्यवहारातील होती. ‘/प्रोक’ मध्ये नसलेले एखादे मूल्य पाहावयाचे, तर कर्नेल बदलून, नवी आवृत्ती सर्व यंत्रांवर चढेपर्यंत वाट पाहावी लागे. ओमर सँडोव्हल यांच्या ‘ड्रगन’ या साधनाने चालू कर्नेलची कोणतीही नोंदरचना वाचता येत असे. पण ते बाहेरून व कुलपांवाचून स्मृती वाचते. सुटसुटीत असले तरी मूळच्या पीएसचाच तो सुसंस्कृत वंशज होय. नव्या प्रस्तावात कर्नेलने दप्तरातून फिरावे आणि प्रत्येक नोंदीपाशी जोडलेल्या बीपीएफ आज्ञावलीला बोलवावे. काय लिहावयाचे ते तिने लिहावे, अशी योजना होती. सेक-फाइलच्या चार कामांपैकी ‘दाखविणे’ तेवढे पाहुण्याकडे गेले.

आज्ञावली जोडावयाची कोठे, यावर मात्र पुष्कळ ऊहापोह झाला. मूळ मसुद्यात ‘बीपीएफडंप’ नावाची एक वेगळी फाइल-व्यवस्था होती. प्रत्येक दप्तरासाठी तीत एक निर्देशिका, आणि त्या निर्देशिकेत ज्याने त्याने आपली उतारा-फाइल निर्माण करावी, अशी कल्पना. दिसायला ही योजना आकर्षक होती. परंतु निर्देशिकांची ती रचना हेही एक नवे कायमचे वचनच झाले असते. शिवाय बीपीएफच्या वस्तू टांगून ठेवण्यासाठी एक फाइल-व्यवस्था आधीपासून होती, आणि आज्ञावली व तिची जोडणी यांचे आयुष्य सांभाळणारी ‘लिंक’ ही सामाईक वस्तू नुकतीच तयार झाली होती. चर्चेअंती स्वतंत्र फाइल-व्यवस्था सोडून देण्यात आली. स्वीकृत रूपात दप्तराचे नाव कोणत्याही निर्देशिकेत नसून ते आज्ञावलीच्या प्रकारमाहितीतच येते. कर्नेल त्यावरून लक्ष्य ओळखते व लिंक तयार करते. ही लिंक फाइल म्हणून टांगून ठेवली, तर ‘कॅट’ ने उतारा वाचता येतो. टांगावयाची नसेल, तर तिच्यापासून एक निनावी वाचनद्वार मिळविता येते. ऑगस्ट २०२० मधील ५.८ या आवृत्तीत ‘बीपीएफ इटरेटर’ या नावाने ही सोय प्रसिद्ध झाली. इटरेटर म्हणजे एकामागून एक नोंदीवरून फेरी घेणारा. प्रथम प्रक्रिया, त्यांच्या उघड्या फाइली, बीपीएफचे तक्ते, नेटलिंक सॉकेटे व आयपीव्ही ६ मार्ग ही दप्तरे खुली झाली. लगेच पुढील आवृत्तीत टीसीपी व यूडीपी जोडण्यांची भर पडली.

रचनेतील काही बारकावे सांगण्याजोगे आहेत. टांगलेली फाइल प्रत्येक वेळी उघडली, की नवी फेरी सुरू होते व तिला स्वतंत्र क्रमांक मिळतो. दोन वाचक एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. लिंकमधील आज्ञावली बदलली, तरी आधीच सुरू झालेली वाचने जुन्या आज्ञावलीनेच पुरी होतात. सर्व नोंदी संपल्यावर आज्ञावलीला आणखी एकदा, नोंदीच्या जागी रिकामा निर्देशक देऊन बोलावले जाते, जेणेकरून तिला एकूण बेरीज लिहिता यावी. हा निर्देशक रिकामा आहे काय हे न तपासणारी आज्ञावली पडताळक चढूच देत नाही. सेक-फाइलमध्ये नोंद बफरात न मावल्यास बफर वाढविला जातो; इटरेटरमध्ये बफर ठरीव आकाराचा आहे. न मावलेली नोंद अर्धवट दिली जात नाही, ती पुढील वाचनासाठी राखली जाते, आणि पहिलीच नोंद बफरापेक्षा मोठी असेल तर सरळ चूक कळविली जाते. एका वाचनात किती नोंदी पाहावयाच्या यालाही दहा लाखांची मर्यादा आहे; कारण काहीच न लिहिणारी, केवळ मोजत जाणारी आज्ञावली बफर कधीच भरणार नाही व कर्नेल तिच्यासाठी फिरतच राहील.

या सोयीने सर्व दोष गेले असे मात्र नाही. उतारा हा क्षणचित्र नव्हे. प्रक्रियांची फेरी त्यांच्या क्रमांकांवरून पुढे सरकते. दोन वाचनांच्या मध्ये संपलेली प्रक्रिया यादीत येत नाही, आणि मागे पडलेला क्रमांक घेऊन जन्मलेली नवी प्रक्रियाही निसटते. जोडण्यांच्या तक्त्यात एखादा जोडणी-समूह अर्धा वाचून झाल्यावर बदलला, तर काही जोडण्या दोनदा येत वा वगळल्या जात, व त्यासाठी पुढील अनेक वर्षे दुरुस्त्या कराव्या लागल्या. मांडणीच्या वचनातून कर्नेल मुक्त झाले हे खरे. पण ते ओझे नाहीसे न होता आज्ञावली लिहिणाऱ्याकडे गेले. कर्नेलच्या अंतर्गत नोंदरचना स्थिर राहतील अशी हमी कोणी देत नाही. रकाना हलला तर प्रकारमाहिती वाट दाखविते; रकान्याचा अर्थच बदलला तर ती काही करू शकत नाही. ‘स्टॅट’ मधील ते कायमचे शून्य निरर्थक असले, तरी त्यावर विसंबलेली वीस वर्षांपूर्वीची आज्ञावली आजही चालते. हा गुण नव्या पद्धतीत नाही, आणि तो क्षुल्लक मानणे योग्य होणार नाही.

वाचनाकडून कृतीकडे : या इंटरफेसाला अनपेक्षित वळण २०२१ मध्ये मिळाले. टीसीपी जोडण्यांवर फेरी घेणाऱ्या आज्ञावलीला जोडणीचे गुणधर्म बदलण्याचीही मुभा ५.१५ या आवृत्तीत देण्यात आली. जालातील गर्दी हाताळण्याची नवी रीत लागू केली, तर ती नव्या जोडण्यांना लागू पडे. आठवडेच्या आठवडे चालू राहिलेल्या जुन्या जोडण्या मात्र जुन्याच रीतीने चालत. आता फेरी घेता घेता त्याही बदलता येऊ लागल्या. त्यासाठी जोडण्यांचा गट एकदम हाती घेऊन मग प्रत्येकीला कुलूप लावण्याची नवी व्यवस्था करावी लागली. २०२३ मधील ६.५ या आवृत्तीत तर फेरीतच सॉकेट बंद करून टाकण्याची सोय झाली. मागील सेवायंत्र काढून घेतल्यावर त्याच्याशी बांधलेल्या जोडण्या ग्राहकाच्या बाजूने ताबडतोब तोडता याव्यात, अशी भारवाटपाच्या क्षेत्राची ती मागणी होती. उतारा देणाऱ्या कारकुनाच्या हाती अशा प्रकारे फेरफाराची लेखणीही आली. त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु ‘केवळ वाचणारा’ म्हणून ज्या इंटरफेसाकडे निश्चिंतपणे पाहता येत होते, त्याच्याकडे आता तसे पाहता येत नाही. जानेवारी २०२४ च्या ६.७ या आवृत्तीपासून फिरण्याचे कामही काही प्रमाणात पाहुण्याकडे गेले आहे : इतर बीपीएफ आज्ञावलींना आपल्याच वेटोळ्यात प्रक्रियांवरून फिरता येते आणि आरंभ, पुढे जाणे व समाप्ती ही कामे योग्य क्रमाने झाली की नाही, ते पडताळक पाहतो.

अधिकारांचा प्रश्न आरंभापासूनच जागता होता. पूर्वी बीपीएफसाठी यंत्राचा जवळजवळ सर्वाधिकार लागे. इटरेटर ज्या ५.८ आवृत्तीत आले, तीतच बीपीएफ व निरीक्षण यांसाठी दोन वेगळे, मर्यादित अधिकार निर्माण करण्यात आले. उतारा-आज्ञावली चढविण्यास ते लागतात. परंतु एकदा लिंक टांगून ठेवल्यावर ती वाचण्याची परवानगी साध्या फाइलीप्रमाणेच देता येते. म्हणजे व्यवस्थापकाने बेताचा उतारा बेतून तो सामान्य वापरकर्त्यांसाठी खुला ठेवावा, हे शक्य झाले. पीएसच्या वेळी यादीसाठी सर्व कपाट उघडावे लागे. ते कपाटही पुढे बंद झाले. ‘/डेव्ह/केमेम’ ही फाइल वितरकांनी वापरातून आधीच काढली होती; लिनक्सच्या ५.१३ या आवृत्तीतून ती २०२१ मध्ये समूळ वगळण्यात आली.

नवी दप्तरे खुली करताना आता प्रथम इटरेटरचा विचार होतो. निरनिराळ्या उपकरणांत वाटून घेतलेल्या बफरांचा हिशेब देण्यासाठी २०२१ मध्ये सिसएफएसमध्ये प्रत्येक बफरामागे फाइली निर्माण करण्याची सोय करण्यात आली होती. अँड्रॉइडच्या दूरध्वनींवर बफर सतत जन्मतात व नष्ट होतात. कोणी वाचत नसतानाही फाइली घडविण्या-मोडण्याचा खर्च तेथे जाणवू लागला. २०२५ मध्ये त्याच माहितीसाठी इटरेटर दाखल झाला. त्यात बफर निर्माण होताना कोणतीही फाइल घडवावी लागत नाही. मागणी आली, की त्या वेळी अस्तित्वात असलेल्या बफरांवरून फेरी घेतली जाते आणि प्रत्येकाचा आकार, नाव इत्यादींपैकी जे हवे असेल तेवढेच जोडलेली आज्ञावली लिहून देते.